चिंध्यांची अंडी

शिंप्याच्या मशीनखाली कधी वाकून पाहिलंय का, मुलांनो? लग्नसराईचे दिवस असले, की तिथं नुसता रंगांचा ढीग पडलेला असतो. लाल रुबियाची चिंधी, हिरव्या खणाचा कोपरा, कुणाच्या तरी सदऱ्याची पांढरी पट्टी. नांदेडच्या वजिराबादेत जा, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत जा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं आत शिरा, शिंपी सापडेलच. संध्याकाळी दुकान झाडायच्या वेळी "काका, चिंध्या देता का?" असं नीट विचारलंत, तर बहुतेक जण पिशवीभर देतात. पैसे घेत नाहीत. फक्त सकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत जाऊ नका, नाहीतर चिंध्यांऐवजी बोलणी मिळतील.

या चिंध्यांची आज आपण अंडी करणार आहोत. हसू नका, खरंच अंडी. ईस्टरची.

आता तुमच्यातले पुष्कळ जण म्हणतील, "बाई, नाताळ माहीत आहे, हा ईस्टर कुठला?" ख्रिस्ती लोकांचा हा फार मोठा सण. येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर चढवलं आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो पुन्हा जिवंत झाला, असं ते मानतात. त्या रविवारच्या पहाटे काही बायका थडग्यापाशी गेल्या, तर तोंडावरची मोठी शिळा बाजूला लोटलेली आणि आत कुणीच नाही! तो दिवस म्हणजे ईस्टर. मग एवढा मोठा सण आपल्याला माहीत कसा नाही? साधं कारण आहे. तो कायम रविवारी येतो. नाताळला शाळेला वेगळी सुट्टी मिळते, गुड फ्रायडेलाही मिळते. रविवारी सुट्टी असतेच. कॅलेंडरवर तो आकडा आधीच लाल असतो, त्या लाल आकड्यात ईस्टर लपून जातो.

त्यामुळं होतं काय, तर सुट्टी मिळाली म्हणून सगळे शुभेच्छा देतात त्या शुक्रवारी. आमच्या चौथीच्या वर्गात एक ख्रिस्ती मुलगी होती. अख्ख्या वर्गात एकटीच. गुरुवारी शाळा सुटताना पाच-सहा जणी तिच्याभोवती गोळा झाल्या आणि मोठ्या उत्साहानं ओरडल्या, "हॅपी गुड फ्रायडे!" ती काही बोलली नाही. दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, त्यांना सांगा नं. त्या दिवशी आमच्या घरी कुणी हसत पण नाही. आजी तर रडते." मी विचारलं, "तूच का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "त्या चांगलंच म्हणत होत्या नं, बाई. कसं सांगू?"

आई-बाबांनीही हे वाचलं तर बरं होईल, कारण मोठ्या माणसांकडूनही हेच होतं. उत्तम शुक्रवार हा दुःखाचा दिवस. दुपारी बारा ते तीन या वेळात पुष्कळ चर्चमध्ये उपासना असते, येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ झालेला असतो. शुभेच्छा द्यायच्या, हातात हात मिळवायचा, गोड खायचं, ते सगळं रविवारी.

सोमवारी ती मुलगी एक पिशवी घेऊन आली. त्यात कापडाची तीन अंडी होती, मुठीत मावतील एवढी. तिच्या आजीनं शिवलेली. आपल्याकडे सगळ्या ख्रिस्ती घरांतून अशी अंडी करतात असं समजू नका, ती त्या आजीची स्वतःची हौस. आजी गोधड्या शिवते. गोधडी शिवून उरलेल्या तुकड्यांचं दर साली काहीतरी करते. एक अंडं तर आमच्याच शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं होतं, निळं आणि पांढरं. वर्गानं ती अंडी अशी काही हातोहात फिरवली, की मधल्या सुट्टीची घंटा झालेली कुणाला कळली नाही.

पण अंडीच का? जुन्या काळी युरोपात त्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. माणसांचा उपवास, कोंबड्यांचा थोडाच! त्या आपल्या रोज अंडी घालतच राहायच्या. मग साठलेली अंडी उकडायची, रंगवायची आणि ईस्टरला एकमेकांना द्यायची, अशी रीत पडली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२९० साली ईस्टरला वाटायला ४५० अंडी आणवली होती आणि त्याचे १८ पेन्स त्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले आहेत. दुसरं कारण तुम्हाला अंड्याकडे नुसतं पाहूनच सुचेल. बाहेरून दगडासारखं गप्प, आणि एक दिवस आतून टकटक होते, कवच फुटतं नि पिल्लू बाहेर येतं. बंद थडगं आणि त्यातून बाहेर आलेला येशू. ज्यानं पहिल्यांदा हे जुळवलं, त्यानं कोंबडीकडे नीट पाहिलं असणार.

मुंबईत, वसईत, गोव्यात ईस्टरला बेकऱ्यांमधून बदामाच्या नाहीतर साखरेच्या गोळ्याची अंडी मिळतात, चॉकलेटचीही. पण आपल्या मराठवाड्याचा एप्रिल आठवा! पारा चाळीसच्या वर. चॉकलेटचं अंडं नांदेडच्या दुकानातून घरी येईपर्यंत त्याचं कालवण होईल. खरी अंडी रंगवून टांगली, तर दोन दिवसांनी शेजारी भांडायला येतील. कापडी अंडं ना वितळत, ना नासत, ना फुटत. पाच-दहा वर्षं सहज टिकतं.

ईस्टर कधी येतो हे काढायची एक गंमत आहे, ती सांगते आणि मग सुई हातात घेऊ. आपले सण जसे तिथीवर, तसा हाही चंद्रावर. येशूला क्रुसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी, आणि वल्हांडण येतो पौर्णिमेला. इसवी सन ३२५ मध्ये निकाया इथं ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी सभा भरली, तिथं सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं. पुढं हिशेब पक्का झाला तो असा : २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आता कालनिर्णय काढा. ही पौर्णिमा बहुतेक वेळा चैत्राची असते, म्हणजे आपली हनुमान जयंती! २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आली आणि ईस्टर ९ एप्रिलला. २०२६ साली २ एप्रिल आणि ५ एप्रिल. कधी कधी मात्र होळीची पौर्णिमाच २१ मार्चनंतर पडते, मग ईस्टर तिच्या मागोमाग येतो. २०२४ ला तसंच झालं, २४ मार्चला होळी पेटली आणि ३१ मार्चला ईस्टर. म्हणजे होळी झाली की शिवायला बसायचं, हे सोपं गणित.

तर आता काम.

आधी कागदाचा नमुना करू. वहीचा जाड कागद मधोमध उभा दुमडा. दुमडीवर १० सेंटीमीटर लांबी मोजून वर एक आणि खाली एक अशा दोन खुणा करा. खालच्या खुणेपासून ४ सेंटीमीटर वर जाऊन, तिथून आडवं २ सेंटीमीटर मोजा आणि टिंब द्या. आता वरच्या खुणेपासून टिंबावरून खालच्या खुणेपर्यंत गोलसर रेघ काढा. खालचा भाग भरलेला, वरचा निमुळता. रेघेवर कापून कागद उघडला, की एक पाकळी मिळेल. अशा चार पाकळ्या जोडल्या की अंडं होतं. संत्र्याच्या फोडी उलट्या क्रमानं जोडतोय असं समजा.

कापड कोणतं? सुती. मांजरपाट, पॉपलीन, रुबिया, जुन्या लुगड्याचा काठ, काहीही चालेल. सिंथेटिक कापड सुळसुळतं, कडेनं उसवतं आणि लहान हातांना आवरत नाही. चिंधी थोडी ताणून पाहा. उभी किंवा आडवी ओढली तर फारशी ताणत नाही, तिरकी ओढली की रबरासारखी ताणते. या तिरक्याला शिंपी उरेब म्हणतात. पाकळी उरेब कापली, तर अंडं भरल्यावर फुगून भोपळा होतो. म्हणून कागद उभ्या धाग्याला धरूनच ठेवायचा.

कागदाभोवती पेन्सिल फिरवा, पण रेघेवर कापू नका. चहूकडून अर्धा सेंटीमीटर कापड जास्त ठेवून कापा. शिवणीच्या बाहेर ठेवलेल्या या जास्तीच्या कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. पुढं अंग भरलं तर झंपर उसवून मोठा करता यावा म्हणून शिंपी माया सोडतो. आपल्या अंड्याचं अंग काही भरणार नाही, पण माया नसली तर टाके कडेवरून निसटतात. चार पाकळ्या चार रंगांच्या घ्या किंवा दोन-दोन एकसारख्या.

आता दोन पाकळ्या एकमेकींवर ठेवा, सुलट बाजू आत आणि उलट बाजू बाहेर. पेन्सिलीच्या रेघेवरून एका बाजूनं टोकापासून टोकापर्यंत शिवा. गोधडीला घालतात तो धावदोरा इथं उपयोगाचा नाही. धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये फट राहते, कापूस दाबून भरला की तिथून डोकावतो. इथं हातटीप घाला : सुई एक टाका पुढं काढायची, मग अर्धा टाका मागं येऊन टोचायची, पुन्हा पुढं. मुंगीच्या चालीनं काम होतं, पण मशीनसारखं घट्ट बसतं. उरलेल्या दोन पाकळ्याही तशाच जोडा. झाली दोन अर्धी अंडी.

हे दोन्ही अर्धे भाग पुन्हा सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा. वरच्या टोकाशी जाड दोऱ्याचा एक फास आतल्या बाजूला सरकवून ठेवा, नंतर अंडं टांगायला तोच लागणार आहे. मग दोन्ही कडा शिवून टाका. फक्त एका कडेला मधोमध ३ सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. ही जागा विसरायची सवय आमच्या वर्गात इतकी होती, की मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'तोंड' असं लिहून ठेवलं होतं.

शिवून झालं की वळणाच्या ठिकाणी मायेला तीन-चार छोटे काप द्या, टाक्याला कात्री लागू न देता. नाहीतर उलटल्यावर तिथं चुण्या पडतात. आता तोंडातून अंडं उलटं करा. टोकं पेन्सिलीच्या बोथट बाजूनं हळूच बाहेर ढकला.

आत काय भरायचं? आपण कापसाच्या मुलखातले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं 'नांदेड ४४' नावाचं संकरित वाण एके काळी शेतोशेती होतं, घरी आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. घरात कापूस असला तर त्यातली सरकी काढून बोटांनी पिंजून घ्या. तो नसला, तर जुन्या उशीतला उन्हात तापवून घ्या. तोही नसला, तर उरलेल्या चिंध्यांचा कात्रीनं अगदी बारीक चुरा करा. मोठ्या चिंध्या कोंबल्या तर बाहेरून गाठी दिसतात. थोडा थोडा भरा, आधी दोन्ही टोकं, मग पोट. पुरे झाला असं वाटेल, तेव्हा निम्माच झालेला असतो. अंडं दाबल्यावर बोटाचा खळगा राहायला नको. मग तोंडाच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बंद करा, गाठ आत लपवा.

नक्षी हवी असली तर रंगीत दोऱ्यानं एखादी वेल काढा. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांची कांचळी पाहिली असेल तुम्ही. आरशाचे तुकडे, कवड्या, रंगीत टाके, किती काय काय असतं त्यात! अंड्यावर एखादी कवडी लावली तर फार शोभते. आरसा मात्र लहान मुलांनी लावू नये, कडेनं बोट कापतं.

आणि हो, काम संपल्यावर सुया मोजायच्या. दहा दिल्या तर दहा परत. आमच्या वर्गात एक मुलगा लोहचुंबक घेऊन सतरंजीवरून फिरायचा, त्या कामासाठी रोज भांडणं व्हायची.

मुलग्यांनी "आम्ही नाही शिवणार, ते पोरींचं काम" असं म्हणायचं कारण नाही. आमच्याकडे एकानं म्हटलं होतं. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचे वडील शिंपी होते. तो म्हणाला, "मग माझे पप्पा कामून शिवतेत?" विषय संपला. बाजारात मशीनवर बसलेले बहुतेक पुरुषच दिसतात, आणि घरी गोधडी घालणाऱ्या बायका. ज्या कामाला पैसे मिळतात तिथं कोण बसतं, हे एकदा घरी सगळ्यांनी मिळून बोलून पाहा.

पंडिता रमाबाईंना हे बरोबर कळलं होतं. १८५८ ते १९२२ हा त्यांचा काळ. त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढं पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार झालेल्या कितीतरी मुलींना त्यांनी तिथं आसरा दिला. त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, तर लिहा-वाचायला शिकवलं आणि शिवण, विणकाम, छपाई अशी कामंही शिकवली. हाताला काम असलं की कुणापुढं हात पसरावा लागत नाही, हा त्यातला विचार. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली.

अंडं जमलं, की पिल्लू सोपं. १० सेंटीमीटरची चौकोनी चिंधी कर्णावर दुमडून त्रिकोण करा, सुलट बाजू आत. दोन्ही उघड्या कडा शिवा, थोडं तोंड सोडा, उलटा, कापूस भरा, बंद करा. एका टोकाला लाल दोऱ्याचे चार-पाच वेढे घेतले की चोच, समोरचं टोक शेपूट. डोळ्यांना दोन काळे मणी. बाळाच्या पाळण्यावर टांगलेल्या कापडी चिमण्या तुम्ही पाहिल्याच असतील, हे पिल्लू त्यांचंच भावंड.

जर्मनीत ईस्टरला झाडाच्या फांदीवर अंडी टांगतात. आपण वाळलेली बाभळीची फांदी घेऊ. काट्यांना फास छान अडकतो, वेगळा आकडा लागत नाही. फांदी मातीच्या कुंडीत रोवा आणि दाराशी वारा लागेल अशी ठेवा. घरातल्या लहानग्याचा हात पोचत असेल तर कडुनिंबाची फांदी घ्या, काटे नकोत.

दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गानं काय केलं, ते सांगायचं राहिलं. मुलं आता पाचवीत गेली होती, पण वर्ग तोच आणि बाईही त्याच. होळी झाल्यापासून सकाळच्या शाळेनंतर अर्धा तास बसून त्यांनी अंडी शिवली. ती मुलगी विचारायची, "कशासाठी शिवता?" तर सगळे एका सुरात, "कार्यानुभव!" गुरुवारी शाळा सुटताना मी मुद्दाम दाराशी उभी राहिले. कुणी हॅपी म्हटलं नाही. एकजण नुसतं "परवा ये बरं का शाळेला" एवढं म्हणाली. शनिवारी शाळा सुटताना तिच्या हातात पिशवी दिली. सत्तावीस अंडी. त्यातली पाच-सहा बरी होती, बाकीची कुणाची तिरकी, कुणाची चपटी, आणि एक तर हुबेहूब बटाटा. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, उद्या आहे नं आमचा सण." सगळे ओरडले, "माहीत आहे!"

रविवारी संध्याकाळी चार-पाच मुलं तिच्या घरी गेली, शुभेच्छा द्यायला. आजीनं फांदी दारातच ठेवली होती आणि बटाटा सगळ्यात वर टांगला होता. ज्यानं तो शिवला, तो सोमवारी वर्गभर सांगत होता.

सण झाला की अंडी जुन्या डब्यात ठेवा. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, म्हणजे कसर लागत नाही. डबा उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका, रंग उडतो. आणि चिंध्या उरल्या असतील तर फेकू नका. पोळ्याला मातीच्या बैलांना झुली लागतील, त्यांचा नमुना पावसाळ्यात देईन.